उजेड्याचं पहिलं पान

१

"हे पान ते नव्हे," असं म्हणून प्लॅस्टिकवाला मटकन स्टुलावर बसला. स्टुलावर माझा चष्मा होता. पण त्याचा चेहरा असा काही पडला होता की चष्म्याबद्दल बोलायचं मला धारिष्ट झालं नाही.

शुक्रवारची सकाळ होती. आमच्या प्रकाशन संस्थेच्या तळमजल्यावर 'उजेड्या'च्या पन्नाशीचं प्रदर्शन मांडायचं काम चाललं होतं. मी भिंतीवर लागायच्या पाट्यांची प्रुफं तपासत होते. चाळीस वर्षं याच संस्थेत प्रुफं वाचली, निवृत्त झाले, तरी काम अडलं की माझीच आठवण होते. मला सगळे 'कानामात्रा' म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे राग येत नाही.

उजेड्या कोण हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तरी सांगते. तो आमच्या चित्रकथेतला महानायक. तो उडत नाही, कुणाला ठोसे मारत नाही. खांद्यावर चादरीचा झगा, कमरेला कंदील, आणि तोंडावर मुखवटा नाही. जिथे दिवे गेलेत, जिथे कुणी घाबरून बसलंय, तिथे तो जातो आणि म्हणतो, "थांब, आलोच." एवढंच त्याचं शस्त्र. पण लोकांनी ते असं उचललं की विचारू नका. पोरं गळ्यात टॉवेल बांधून जिने उतरायला लागली. खांबावर चढणाऱ्या वायरमनला बायका 'उजेड्या आला गं' म्हणू लागल्या. इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात तो भिंतीवर आला. एका निवडणुकीत तर दोन्ही उमेदवारांच्या पत्रकांवर तोच होता, आणि दोघेही पडले.

अशा उजेड्याच्या पहिल्या अंकाचं पहिलं पान, शाईत हातानं काढलेलं मूळ पान, समोर फ्रेममध्ये होतं. निदान आम्ही तसं समजत होतो.

"खाली उजव्या कोपऱ्यात दौतीच्या बुडाचा गोल डाग होता," प्लॅस्टिकवाला म्हणाला. हा आमचा संग्राहक. त्याच्याकडे एकूण एक अंक आहे, प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि हात धुतल्याशिवाय तो बायकोलाही त्यांना शिवू देत नाही. "तो डाग मी स्वप्नातसुद्धा ओळखीन. कुठाय तो?"

डाग नव्हता. मी वाकडा झालेला चष्मा डोळ्यांवर चढवला, भिंग घेतलं आणि पानाला नाक लावलं. छापील नक्कल असती तर ठिपके दिसले असते. इथे कुंचल्याच्या सलग रेघा होत्या, शाईची चमकसुद्धा होती. म्हणजे हे कुणीतरी हातानं काढलं होतं. रेघ तर हुबेहूब थोरल्यांची, म्हणजे उजेड्याच्या चित्रकाराची. तशी रेघ ओढणारा एकच माणूस झाला, आणि त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

२

मालकीणबाईंनी दार लावून घेतलं. वडिलांनंतर संस्था त्याच चालवतात, आणि घाबरल्या की त्या फार हळू बोलतात.

"बुधवारी उद्घाटन आहे. सोमवारी स्कॅनवाले येणार आहेत. पोलीस नकोत. कानामात्रा, तुम्ही बघा ना."

"मी चुका शोधते बाई, चोर नाही."

"चोरानंही काहीतरी चूक केलीच असेल की."

हे मला पटलं. एकेकाला बोलावून मी विचारायला बसले.

फ्रेम या आठवड्यात चौघांच्या ताब्यात एकेक दिवस होती. सोमवारी मालकीणबाईंच्या केबिनमध्ये. मंगळवारी प्लॅस्टिकवाल्यानं काच पुसायला घरी नेली. बुधवारी धाकटे ती वर्तमानपत्राच्या मुलाखतीला घेऊन गेले. गुरुवारी आत्यानं नेली, फ्रेमखालची नावपट्टी लिहायला. आज सकाळी ती भिंतीवर लागली.

धाकटे म्हणजे थोरल्यांचा मुलगा. वय छप्पन्न, पण बाप थोरला असला की माणूस मरेपर्यंत धाकटाच राहतो. त्यांची आई ते चार वर्षांचे असताना गेली. पुढे घर सांभाळलं ते आत्यानं, थोरल्यांच्या बहिणीनं. तिनं लग्न केलं नाही. घर, भाचा आणि आमच्या चित्रकथांमधली अक्षरं, असं तिचं आयुष्य. पात्रांच्या तोंडापुढे जे फुगे असतात ना, त्यातलं बोलणं पन्नास वर्षं तिनंच लिहिलं.

"पान तुमच्याकडे होतं तेव्हा डाग होता का?" मी धाकट्यांना विचारलं.

"होता. म्हणजे असणार. मी काय डाग बघत बसलो होतो?" ते चिडले. "बाबांचं पहिलं पान आहे ते! दिवे गेले होते, मी रडत होतो, बाबांनी मला मांडीवर घेतलं, म्हणाले 'थांब, आलोच', आणि मी झोपल्यावर त्यांनी एका बैठकीत हे पान काढलं. मी ते चोरीन?"

ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. शाळांमधून, सभांमधून ते तीच सांगतात. त्यांचा स्वतःचा धंदा काय, असं विचारलं तर त्यांना उत्तर द्यायला वेळ लागेल. बापाचा मुलगा असणं हाच धंदा. आणि माणूस भला आहे हो, गोष्ट सांगताना दर वेळी डोळे खरोखर भरून येतात.

प्लॅस्टिकवाल्याला विचारलं, तर तो उलट माझ्यावरच घसरला. "माझ्याकडे सगळं आहे, फक्त ते पान नाही, म्हणून मीच चोर, असंच ना? अहो, चोरायचं असतं तर मी डागाबद्दल बोंब कशाला मारली असती?"

हेही बरोबर होतं.

राहिली आत्या. ती खिडकीपाशी बसून बाकीच्या नावपट्ट्या लिहीत होती. सत्याहत्तर वर्षांची, पण हात असा स्थिर की पाण्याचा पेला ठेवावा. माझी न् तिची मैत्री जुनी.

"आत्या, गुरुवारी पान नीट होतं?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी पट्टी लिहिली, दिली परत." तिनं मान वर केली नाही. "ते सोमवारचे लोक फ्रेम उघडणार म्हणे? आतला पुठ्ठा काढून अख्खं पान घेणार?"

"हो. मोठं पुस्तक काढायचंय. नवं यंत्र आहे, बारीकसारीक सगळं टिपतं."

"सगळं?"

"सगळं."

तिनं टाक शाईत बुडवला, आणि मी आठवून सांगते, त्या दुपारी पहिल्यांदा तिच्या हातून पट्टीवर शाई सांडली.

३

शनिवारी प्रकरण हाताबाहेर गेलं. प्लॅस्टिकवाल्यानं हिशेब मांडला होता आणि तो सगळ्यांसमोर बोलून दाखवला.

"नक्कल हाताची आहे. मला सरळ रेघ ओढता येत नाही. मालकीणबाईंची सही वाचता येत नाही. आत्या अक्षरं लिहितात, चित्रं नाही. उरले चित्रकाराचे चिरंजीव! बापाचा हात मुलात उतरला नसेल कशावरून?"

"माझा हात?" धाकटे ओरडले. "शाळेत मी हत्ती काढला तर मास्तरांनी विचारलं, बटाट्याला शेपूट का काढलंस!"

कुणी हसलं नाही. मालकीणबाई खाली बघून म्हणाल्या की उद्घाटनाचं भाषण यंदा धाकट्यांनी न केलेलं बरं. स्कॅनवाल्यांपुढे खोटं पान निघालं तर पोलिसांत जावंच लागेल, आणि पहिलं नाव कुणाचं जाईल ते उघड होतं. धाकट्यांनी खुर्चीची पाठ धरली. त्या माणसाकडे बापाच्या नावाखेरीज काही नव्हतं, आणि आता बापाचंच पान चोरल्याचा डाग त्याच्यावर येत होता. मला फार वाईट वाटलं. आत्या कोपऱ्यात बसली होती, मांडीवरची पट्टी अर्धवट लिहून टाकलेली.

सगळे गेल्यावर मी एकटीच खोलीत थांबले. खोट्या पानाशेजारी एक जुना फोटो होता. त्याच्या पाटीचं प्रूफ मीच तपासलं होतं: 'पहिल्या अंकाच्या प्रकाशनाच्या दिवशी चित्रकार.' थोरले हसत उभे आहेत, अंक डाव्या हातात, कोट खांद्यांवरून नुसता टाकलेला. पाटी दहादा वाचली, फोटो एकदाही पाहिला नव्हता. आता पाहिला. कोटाच्या उजव्या बाहीत हात नव्हता. कोटाच्या कडेतून पांढरं काहीतरी डोकावत होतं. भिंग लावलं. प्लास्टर.

प्लास्टर बोटांच्या पेरांपर्यंत होतं. त्या हातानं माणूस चहाचा कपसुद्धा उचलणार नाही, कुंचला तर दूरच.

मग खरं पान तरी काढलं कुणी?

मी परत खोट्या पानाकडे वळले. चित्रं सोडून दिली. माझा प्रांत अक्षरांचा, म्हणून अक्षरं पाहिली. फुग्यात लिहिलं होतं, 'थांब, आलोच.' स्वल्पविरामाच्या वर, दोन शब्दांच्या मधल्या जागेत, शिरोरेषेच्या उंचीवर पांढऱ्या रंगाचा एक इवलासा ठिपका होता. दुसऱ्या फुग्यातही तसेच. प्रत्येक दोन शब्दांच्या मध्ये एक.

मी ते बघताक्षणी ओळखलं. कारण ती युक्ती माझी होती.

४

रविवारी सकाळी मी आत्याच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीशी तिरकं टेबल, टेबलावर दौती, कुंचले, पट्ट्या. धाकटे वरच्या मजल्यावर राहतात.

"बस," ती म्हणाली. "चहा टाकते."

"चहा नंतर. आधी माझं ऐक. मी संस्थेत आले ते उजेड्याच्या तिसऱ्या वर्षी. मासिक होतं त्याचं पाक्षिक झालं आणि तुझी धांदल उडायला लागली. शब्दागणिक पट्टी उचलून शिरोरेषा ओढायला वेळ जायचा. मी म्हटलं, अगं, अख्ख्या ओळीची रेषा एकदाच ओढ आणि शब्दांमध्ये पांढऱ्या रंगानं तोड. छापताना कुणाला कळतंय? तेव्हापासून तू तसंच करतेस. प्रूफ मूळ पानाशी ताडून बघताना त्या पांढऱ्याच्या खपल्या माझ्या अंगठ्याला लागायच्या. ही युक्ती जगात दोघींनाच ठाऊक आहे. आणि पहिलं पान काढलं तेव्हा ती जन्मालाही आली नव्हती."

आत्यानं टेबलावरची दौत उगाच सरळ केली.

"म्हणजे फ्रेममधल्या पानाची अक्षरं तू लिहिलीस, तीही याच आठवड्यात. सवयीनं हात तसाच चालला. तिथपर्यंत ठीक. पण चित्रं? फुग्याची कड आणि उजेड्याच्या झग्याची कड एकाच दमात, कुंचला न उचलता ओढली आहे. ज्यानं फुगा काढला त्यानंच झगा काढला. आणि नक्कल करणाऱ्याची रेघ चाचरते आत्या, पुढचं बघत बघत जाते. ही चाचरत नाही. हा हात पान उतरवत नव्हता, त्याला पान आठवत होतं."

ती खुर्चीत बसली. बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"डाग तेवढा काढला नाहीस," मी म्हटलं.

"चांगल्या स्वच्छ पानावर मुद्दाम डाग पाडायला हात धजला नाही गं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघीही हसलो. मग तिनं गादीखालून पुठ्ठ्यात गुंडाळलेलं पान काढलं.

दौतीचा गोल डाग होता. आणि खालच्या समासात, फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली जी जागा कायम झाकलेली होती तिथे, फिकट निळ्या पेन्सिलीत दोन ओळी होत्या. आमच्या धंद्यात सूचना त्या निळ्या पेन्सिलीनं लिहायची रीत होती. छापखान्याच्या जुन्या कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसतच नसे, त्यामुळे कुणी खोडायच्या भानगडीत पडत नसे. सोमवारच्या यंत्राला मात्र तो दिसणार होता.

पहिली ओळ वेडीवाकडी, डाव्या हातानं लिहिलेली: 'हा तुझा आहे. माझं नाव घालू नको. लाज वाटते.'

दुसरी सुबक, आत्याची: 'तुझंच असू दे, दादा. घरात लहान मूल आहे.'

"खोडायला रबर घेतलं होतं, पण दादाचं अक्षर खोडवलं नाही गं. घसरून पडला होता तो," ती म्हणाली. "चार महिने हात प्लास्टरमध्ये. मोठ्या मालकांनी नवा नायक मागितला होता, तारखेला पानं दिली नाहीत तर दुसरा चित्रकार बघणार होते. दादाची नोकरी गेली असती तर या पोराला घेऊन आम्ही कुठे जाणार होतो? पहिले चार अंक मी काढले. मग दादाचा हात बरा झाला, पुढची सगळी वर्षं त्यानंच काढलं, आणि माझ्यापेक्षा छान काढलं हो. खोटा नव्हता तो. पोरानं विचारलं तेव्हा मीच म्हटलं, बाबांनी काढलाय. सहा वर्षांच्या, आई नसलेल्या मुलाला आपला बाप मोठा वाटू नये का?"

"आणि 'थांब, आलोच'?"

"ते कुठे कुणाला सुचलंय! दिवे गेले की हा खोलीतून हाका मारायचा. माझे हात पिठात. मी स्वैपाकघरातून ओरडायची, थांब, आलेच. कंदील लावून जाईपर्यंत याला भीती वाटू नये म्हणून."

मी पान खाली ठेवलं.

"कानामात्रा," ती म्हणाली, "जन्मभर तू चुका काढल्यास. ही एक राहू दे."

"राहू देते. मग उद्या त्याला चोर म्हणून उभा करतील. तू हे लपवलंस ते त्याच्यासाठी, आणि त्याच्याच मानेवर सुरी आली. बोल, कुठली चूक ठेवू?"

आत्यानं डोळे मिटले. मग उठली, पान काखेत घेतलं आणि जिन्याकडे निघाली. मी हात द्यायला गेले, तर म्हणाली, "तू इथेच थांब." मी थांबते होय? चार पायऱ्या मागे राहून गेलेच.

५

धाकट्यांनी पान वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं आता पाय धरतील, गळ्यात पडतील. कसलं काय! ते भडकले.

"तीस वर्षं भाषणं ठोकतोय मी! शाळाशाळांत जाऊन! आणि तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचीस?"

"छान सांगायचास रे तू," आत्या म्हणाली.

"बाबांनी मला मांडीवर घेतलं होतं, हे मला आठवतंय! स्पष्ट आठवतंय! मी रडत होतो, ते आले, हाताला..." ते अडखळले. "हाताला पीठ लागलेलं होतं."

छप्पन्न वर्षांचा तो माणूस मटकन पलंगावर बसला आणि आत्याच्या हातांकडे बघत राहिला. बाबांनी जन्मात कधी पीठ मळलं नव्हतं, हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं.

"तू होतीस ती," शेवटी ते म्हणाले. "मी सगळ्या गावाला सांगत सुटलो, आणि माणूसच चुकीचा सांगितला."

"बाबाही होता की. प्लास्टर बांधून दारात उभा असायचा बिचारा. त्याला वाईट म्हणू नकोस."

"म्हणत नाही गं." त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मोठ्या पाटीचं प्रूफ कुठाय?"

माझ्या पिशवीतच होतं. 'उजेड्या. संकल्पना आणि चित्रे:' आणि पुढे थोरल्यांचं नाव. त्यांनी माझं पेन घेतलं, त्या नावाआधी खूण केली आणि समासात आत्याचं नाव लिहिलं. मग कागद मला दिला. मी वाचला. मला चूक सापडली नाही.

सोमवारी मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि इतक्या हळू बोलल्या की काही कळलं नाही, पण नंतर त्यांनी धाकट्यांची माफी मागितली, तेवढं मात्र सगळ्यांना ऐकू आलं. प्लॅस्टिकवाल्यानं हात धुऊन दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली आणि आत्याला म्हणाला की दुसरं पानही भिंतीवर लावा, ती नक्कल नव्हेच. यंत्रानं निळ्या ओळी स्वच्छ टिपल्या.

मोठी पाटी छापून आली ती मंगळवारी. आत्यानं ती पाहिली आणि नाक मुरडलं.

"मशीनची अक्षरं. शोभतात का त्याला?"

मग बुधवारी सकाळी लोक यायच्या आधी पाटी खाली उतरवली गेली. आत्यानं कोऱ्या पुठ्ठ्यावर सगळा मजकूर नव्यानं लिहिला. उजेड्याचं, दादाचं, सगळ्यांचं लिहून झालं, पण स्वतःच्या नावाशी हात थबकला. पन्नास वर्षांत तिनं ते कधी लिहिलं नव्हतं.

"आत्या, लोक दारात आलेत," धाकटे म्हणाले. त्यांच्या हातात पांढऱ्या रंगाची बाटली होती.

"थांब," ती म्हणाली, "आलेच."

आणि तिनं नाव लिहिलं, अख्ख्या ओळीवरून एकदम शिरोरेषा ओढली, आणि शब्दांच्या मध्ये पांढरा ठिपका द्यायला भाच्यापुढे कुंचला धरला.

ठिपका जरा मोठा पडला. मी पाहिला, आणि काही बोलले नाही.